‘मणी’ शोधल्यावर ‘मण्यांना’ सापडेल का?

तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांचे पत्र आले आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी परिसरातील बागायतदारांचा व्हॉट्सॲप गट सुरू केला आणि आज त्यात साडेआठशे सभासद आहेत. डाऊनी आणि भुरी हे वेलीचे रोग, घड जिरणे, मण्यांना तडे जाणे, याविषयी दर हंगामात तेच प्रश्न नव्याने येतात. जाणकार मंडळी पहिल्या दोन वर्षांत उत्साहाने उत्तरे देत होती, आता कंटाळली आहेत. पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्यांच्या पुतण्याने प्रोग्रामरांच्या प्रसिद्ध प्रश्नोत्तर संकेतस्थळाच्या धर्तीवर ‘आपले स्वतःचे स्टॅक ओव्हरफ्लो’ उभारण्याची कल्पना मांडली असून क्वेश्चनटूआन्सर, आस्कबॉट, अपाचे आन्सर, स्कूल्ड आणि डिसकोर्स अशी पाच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची नावे पुढे ठेवली आहेत. दुसरीकडे एका कंपनीने त्यांच्यासाठी खास ॲप बनवून देण्याचा प्रस्ताव दिला आहे. ‘यांपैकी काय निवडावे, आणि पुतण्याचे शिक्षण संपून तो नोकरीला लागला की पुढे काय?’ असे ते विचारतात.

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, परंतु त्याच्याकडे येण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घेऊ, कारण तिच्यावरच निवडीचा निकाल अवलंबून आहे. तुम्हाला प्रश्न विचारण्याची जागा नको आहे; ती तुमच्याकडे आहे आणि साडेआठशे लोक तिथे रोज प्रश्न विचारत आहेत. तुम्हाला हवे आहे ते हे, की गेल्या वर्षी कोणीतरी दिलेले उत्तर यंदा त्याच अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या बागायतदाराला, कोणालाही न विचारता, मोबाइलवर अर्ध्या मिनिटात सापडावे. म्हणून गुण, पदके, रंगसंगती वगैरे सारे बाजूला ठेवा आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारा: यात जुने मराठी उत्तर सापडते का?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘छाटणी’, ‘छाटणीनंतर’, ‘छाटणीच्या’ हे आपल्यासाठी एकाच गोष्टीचे उल्लेख असले, तरी शब्द जसाच्या तसा जुळवणाऱ्या शोधयंत्रासाठी ते तीन निरनिराळे शब्द आहेत. शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवणी करणारे शोधयंत्र ‘छाटणी’वरून ‘छाटणीनंतर’पर्यंत पोहोचते, मात्र सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलले की तेही थबकते. ‘मणी’ शोधणाऱ्याला ‘मण्यांना तडे गेले’ हा प्रश्न दिसत नाही, आणि ‘कीड’ शोधणाऱ्याला ‘किडीवर काय मारावे’ हा दिसत नाही, कारण दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झालेली असते. इंग्रजीसाठी शब्दाचे मूळ रूप काढणारी साधने बहुतेक ठिकाणी तयार असतात. डिसकोर्स ज्या पोस्टग्रेस डेटाबेसवर चालते, त्यात अशी साधने हिंदी, नेपाळी आणि तमिळसाठीही सोबत येतात. मराठीसाठी येत नाहीत.

याहून चमत्कारिक अडचण लेखनाच्या पातळीवर आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन पद्धतींनी टंकित होतो. काही कीबोर्डांवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात, तर काहींवर साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द हुबेहूब एकच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते भिन्न आहेत आणि एक शोधला की दुसरा सापडत नाही. ‘ॲप’मधील ‘ॲ’चेही तेच. तुमच्या गटात तर डाऊनी, डाउनी, डावणी अशी तीन रूपे नांदत असतील, आणि रोमन लिपीत लिहिणारे वेगळेच.

काही सॉफ्टवेअर तर काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षराचा भागच मानत नाही. पायथन भाषेत शब्द वेगळे काढण्यासाठी रेजेक्स या मजकुरात नमुने शोधणाऱ्या मूळ साधनातील नेहमीची खूण वापरली आणि त्याला ‘छाटणी’ दिले, तर हाती ‘छ’ आणि ‘टण’ असे दोन तुकडे येतात. ज्याने हे लिहिले त्याने इंग्रजी मजकुरावर तपासले असेल आणि त्याचे काम चोख चालले असेल, त्यामुळे अशा चुका संकेतस्थळाच्या माहितीपत्रकात कधीच दिसत नाहीत. त्या तुमच्याच प्रश्नांनी तपासाव्या लागतात. गटातील संभाषण व्हॉट्सॲपमधून मजकूर फाइलच्या रूपात निर्यात करता येते. त्यातून खरे पन्नास प्रश्न उत्तरांसह निवडा, लिहिणाऱ्यांची नावे आणि फोन क्रमांक काढून टाका, ते चाचणीच्या जागेवर चढवा, आणि संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या तीन बागायतदारांच्या हाती त्यांचाच मोबाइल देऊन ‘मणी तडकतात त्यावर काय सांगितले आहे ते शोधा’ एवढेच सांगा. पुतण्याने त्या वेळी शेजारी बसू नये. मदत केल्याशिवाय राहवत नाही आणि चाचणी फुकट जाते.

आता तुमच्या यादीकडे वळू. कंपनीच्या प्रस्तावाचा विचार मी करणार नाही, कारण एकट्या तुमच्यासाठी लिहिलेले ॲप म्हणजे त्याच्यातील दोष शोधणारेही जगात तुम्ही एकटेच, आणि दर वर्षी अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ते दुरुस्त करून घेण्यासाठी तुम्ही त्याच एका दारात उभे. पुतण्याने नाव घेतलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत नाही. २००८ साली सुरू झालेल्या त्या स्थळावरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, पण ज्या यंत्रावर ते चालते ते तुम्हाला मिळत नाही. म्हणूनच त्याच्यासारखी दिसणारी इतकी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर निर्माण झाली.

त्यांपैकी आस्कबॉटचा इतिहास बोधप्रद आहे. फेडोरा, लिबरऑफिस आणि रोबोटिक्समधील आरओएस या तिन्ही मोठ्या मुक्तस्रोत समुदायांची प्रश्नोत्तरे अनेक वर्षे आस्कबॉटवर चालत होती. फेडोरा २०१९ मध्ये आणि लिबरऑफिस २०२१ मध्ये डिसकोर्सवर गेले, तर आरओएसची मंडळी २०२३ मध्ये स्टॅक एक्स्चेंज या स्टॅक ओव्हरफ्लोच्याच स्थळसमूहाच्या रोबोटिक्स विभागात गेली. ज्यांच्याकडे प्रोग्रामरांची वानवा नाही अशा समुदायांनाही ते सांभाळणे नकोसे झाले असेल, तर तासगावात ते कोण सांभाळणार? स्कूल्ड जावा भाषेत असून त्याच्या पाठीशी पॅरा नावाची आणखी एक सेवा चालवावी लागते. कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी ते ठीक आहे, एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर हे दुहेरी ओझे देऊ नये.

क्वेश्चनटूआन्सरविषयी मला आपुलकी आहे. २०१० पासून असलेले हे सॉफ्टवेअर पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते, त्यामुळे अनेक संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवरही ते तासाभरात उभे राहते आणि पीएचपी येणारा माणूस तालुक्याच्या गावीही भेटतो. गैरसोय दोन ठिकाणी आहे. त्याचा स्वतःचा शोध शब्द जसाच्या तसा जुळवतो, म्हणजे वर सांगितलेली ‘छाटणीनंतर’ची अडचण पहिल्याच दिवशी समोर येते. दुसरी बाब त्याची नाही, पीएचपीची आहे: मूळ मांडणीत २ एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही, आणि तुमच्या सभासदांच्या मोबाइलमधील पानाचा फोटो बहुधा त्याहून मोठा असणार. ही मर्यादा वाढवता येते, पण काही स्वस्त होस्टिंगवाले ती एका ठरावीक आकड्यापलीकडे वाढवू देत नाहीत, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारा. फोटोवाचून द्राक्षातल्या रोगाचा प्रश्न म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध.

अपाचे आन्सर हे यादीतील सर्वांत तरुण. सेगमेंटफॉल्ट या चिनी प्रश्नोत्तर स्थळाच्या चमूने ते लिहिले आणि २०२३ मध्ये ते अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आले. गो भाषेत असल्यामुळे ते हलके आहे आणि एसक्यूलाइटवर चालवले तर सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, म्हणजे ती फाइल आणि चढवलेल्या चित्रांचे फोल्डर उचलले की घर हलले. शुद्ध प्रश्नोत्तरे हवी असतील, तर आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी क्वेश्चनटूआन्सरच्या आधी हे पाहायला सांगेन.

असे असूनही तुमच्या गटासाठी माझा कल डिसकोर्सकडे आहे. ते मूळचे प्रश्नोत्तरांचे सॉफ्टवेअर नाही, चर्चेचे आहे, आणि स्टॅक ओव्हरफ्लोच्या दोन संस्थापकांपैकी एक असलेल्या जेफ ॲटवुड यांनीच ते २०१३ मध्ये सहकाऱ्यांसोबत आणले, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. प्रोग्रामिंगमधील प्रश्न बहुधा स्वतःत पूर्ण असतो: हा कोड, ही त्रुटी, उपाय सांगा. बागेतील प्रश्न तसा नसतो. ‘पानावर डाग आलेत, काय मारू?’ या प्रश्नावर कोणताही शहाणा बागायतदार आधी उलट विचारतो, की वाण कोणते, थॉमसन की सोनाका की शरद. फळासाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर कितवा दिवस. मागच्या तीन फवारण्या कशाच्या झाल्या. पाऊस कधी पडला. चार-पाच वेळा अशी देवाणघेवाण झाल्यावर उत्तर आकाराला येते. शुद्ध प्रश्नोत्तर सॉफ्टवेअरमध्ये ही सारी देवाणघेवाण बारीक अक्षरातील टिप्पण्यांत कोंबली जाते आणि निदानाची वाट हरवते. डिसकोर्समध्ये ती धाग्यात, म्हणजे एका प्रश्नाखालच्या चर्चेत, सलग राहते, शेवटी ‘सॉल्व्हड’ नावाच्या जोडणीमुळे त्यातील एका उत्तरावर ‘हे उत्तर’ अशी खूण करता येते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक विभागासाठी प्रश्नाचा साचा आधीच भरून ठेवता येतो. ‘नवा प्रश्न’ दाबताच खिडकीत वाण, छाटणीची तारीख, शेवटच्या तीन फवारण्या, फोटो असे मथळे दिसले की अर्धे उलटप्रश्न टळतात. त्याचा शोधही शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवतो, म्हणून ‘छाटणी’ची बाजू बरीचशी सांभाळली जाते. ‘मणी’ची राहते, तिच्याकडे लगेच येतो.

याची किंमतही मोजावी लागेल. डिसकोर्स सामायिक होस्टिंगवर चालत नाही. स्वतंत्र व्हीपीएस, म्हणजे भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर, लागतो, त्यावर किमान १ जीबी मेमरी लागते, आणि मी २ जीबीपेक्षा कमीवर सुरुवात करणार नाही. मूळची मांडणी इंग्रजी लेखकांना गृहीत धरून केलेली आहे. शीर्षकाला किमान १५ अक्षरे लागतात आणि ‘भुरी आली’ हे शीर्षक काना-वेलांट्या व मधली जागा धरून आठच भरते, तेव्हा तुमचा पहिलाच सभासद दारातून परत जाईल. ही मर्यादा खाली आणा. दुव्यातील शीर्षकाचा प्रकारही बदला. मूळ मांडणीत देवनागरी शीर्षक दुव्यात उतरत नाही, आणि ते उतरवण्याचा पर्याय निवडला तर व्हॉट्सॲपवर चिकटवताना त्याचे प्रत्येक चिन्ह टक्केचिन्हांच्या नऊ-नऊ अक्षरांत फुटते, म्हणजे एकट्या ‘भुरी’ची ३६ अक्षरे होतात. दुव्यात शीर्षकच नको असा तिसरा पर्याय आहे; तो निवडला की दुवा आखूड आणि सुटसुटीत राहतो.

प्रवेश कसा द्यायचा याचा विचार आधी करा. तुमच्या सभासदांना फोन क्रमांकावर ओटीपी येण्याची सवय आहे, परंतु भारतात असे एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी नावाच्या व्यवस्थेत नोंदणी करून संदेशाचा मसुदाही मंजूर करून घ्यावा लागतो, शिवाय प्रत्येक संदेशाला पैसे पडतात. अँड्रॉइड फोनवर गूगल खाते बहुधा असतेच, तेव्हा गूगलद्वारे प्रवेश हा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा. ईमेल मात्र तरीही लागेल, आणि अनेक व्हीपीएस कंपन्या ईमेलचे २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात. तेव्हा ईमेल पाठवणारी वेगळी सेवा जोडण्याची तयारी ठेवा.

आता ‘मणी’. मराठीची ही गाठ कोणतेही सॉफ्टवेअर तुम्हाला आज सोडवून देणार नाही, म्हणून ती माणसांनी सोडवायची. गटातील दोन नीटनेटक्या लेखनाच्या व्यक्तींना, त्या निवृत्त शिक्षक असतील तर फारच उत्तम, इतरांची शीर्षके बदलण्याचा अधिकार द्या आणि ‘हे काय झालंय बघा’ या शीर्षकाचे ‘मणी तडकणे: थॉमसन, पाणी उतरण्याच्या वेळी’ असे रूपांतर करण्याचे काम सोपवा. नियम एवढाच, की शीर्षकात शब्द मूळ रूपात यावा. टॅग सभासदांना निर्माण करू देऊ नका. ‘डाऊनी’, ‘भुरी’, ‘कीड’, ‘खरड-छाटणी’, ‘गोडी-छाटणी’ अशी तीसेक टॅगची यादी तुम्हीच ठरवा. दिवसाला पंधरा मिनिटांचे हे काम आहे आणि माझ्या अनुभवात प्रश्नोत्तरांची स्थळे सॉफ्टवेअरमुळे कमी आणि हे काम करणारे कोणी न उरल्यामुळे अधिक ओस पडतात.

जुने उत्तर सापडण्याला एक उलटी बाजूही आहे आणि शेतीत ती धोक्याची आहे. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घडनिर्मितीला मदत व्हावी म्हणून वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, ते २०१० पर्यंत कोणीही बिनदिक्कत सुचवले असते. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि निर्यातीला जबर फटका बसला. २००९ सालचे, सर्वाधिक मते मिळालेले असे एखादे उत्तर तुमच्या स्थळावर पहिल्या क्रमांकावर राहिले असते, तर? स्टॅक ओव्हरफ्लोनेही २०२१ मध्ये ‘स्वीकृत’ उत्तर कायम सर्वांत वर ठेवण्याची पद्धत बदलली. तुम्ही औषधाचे नाव असलेल्या प्रत्येक धाग्याला वर्षाचा टॅग द्या, हंगाम संपला की तो धागा नव्या उत्तरांसाठी बंद करा, आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी व निर्यातीसाठी चालणारी औषधे यांविषयी सभासदाचे मत न ठेवता पुण्याजवळच्या मांजरी गावातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू यादीचा दुवा द्या. कृषी सेवा केंद्र चालवणारे सभासद उत्तर देणार असतील, आणि त्यांनी द्यावेच, तर त्यांच्या नावाशेजारी ते दुकानदार असल्याचे दिसू द्या.

मतांविषयी एक लहानशी सूचना. उणे मत देण्याची सोय निदान पहिले वर्ष तरी देऊ नका. पंचेचाळीस वर्षे बाग केलेल्या आबांच्या उत्तराला त्यांच्याच भावकीतील पोराने उणे एक दिले, तर ती गोष्ट पडद्यावर राहत नाही, पारावर येते.

शेवटी पुतण्याचा प्रश्न. तो जाणार हे धरूनच सर्व मांडणी करा. डोमेन आणि सर्व्हर त्याच्या वैयक्तिक खात्यावर न घेता गटाच्या नावाने केलेल्या ईमेलवर घ्या, त्याचे परवलीचे शब्द बंद पाकिटात दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवा. डिसकोर्सची बरीचशी अद्यतने ब्राउझरमधूनच होतात, अधूनमधून मात्र काळ्या पडद्यावर आज्ञा द्याव्या लागतात. त्या त्याने मराठीत कागदावर लिहून द्याव्यात आणि त्या कागदावरून दुसऱ्या कोणीतरी एकदा प्रत्यक्ष करून पाहाव्यात. स्थळाच्या राखीव प्रतींबाबतही तेच. मी स्वतः काही वर्षांपूर्वी संगणकावरील मराठीविषयी प्रश्नोत्तरांचे एक छोटे स्थळ चालवत होतो. रोज रात्री डेटाबेसची प्रत निघत असे आणि फाइलचे नाव तारखेसह यादीत दिसे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. होस्टिंग कंपनीने एके दिवशी गाशा गुंडाळला तेव्हा त्या फाइली उघडल्या, तर शेवटच्या चौदा महिन्यांतील प्रत्येकीचा आकार शून्य होता. मीच डेटाबेसचा परवलीचा शब्द बदलला होता आणि प्रत काढणाऱ्या आज्ञेत तो बदलायला विसरलो होतो. म्हणून महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या, रिकाम्या यंत्रावर चढवून स्थळ उभे राहते का ते पाहावे. डिसकोर्स एकाच संकुचित फाइलमध्ये सर्व काही देते, त्यामुळे हे काम तासाभराचे आहे.

जुन्या गटातील उत्तरे नव्या जागी आणायची असतील, तर ज्याने ते उत्तर लिहिले त्याला विचारून आणा. गटात बोललेले सगळ्या जगासमोर जावे, असे प्रत्येकाला वाटेलच असे नाही.

गोडी छाटण्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू झाल्या की तुमच्या गटात कोणालाही कशासाठी वेळ राहत नाही, म्हणून पन्नास प्रश्नांची चाचणी जून-जुलैतच उरकावी. अपाचे आन्सर आणि डिसकोर्स दोन्ही उभी करून तीच चाचणी दोन्हींवर घ्या. तुमच्या तिघांना जिथे उत्तर लवकर सापडेल तेच घ्या, मग माझा कल काही असो. व्हॉट्सॲप गट बंद करू नका. तिथे प्रश्न आला की उत्तर तिथे न लिहिता जुन्या धाग्याचा दुवा टाका, आणि धागा नसेल तर प्रश्नकर्त्याच्या वतीने तुम्हीच तो नव्या जागी उघडून त्याचा दुवा द्या. पहिल्या हंगामात असे शंभर-दीडशे धागे तुम्हालाच उघडावे लागतील.